परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचं पुरुमेंत : म्हापशाचा बाजार कितपत पुरतो?

युरोपातली बहुतेक विद्यापीठं सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात. त्यामुळे गोव्यातून जाणाऱ्या मुलांच्या पुरुमेंताची, म्हणजे साठवणीच्या खाण्याची, खरेदी ऑगस्टात होते, म्हणजे ऐन पावसात आणि बहुधा गणेशचवथीच्या तोंडावर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं हे परीक्षण त्या एकाच खरेदीपुरतं आहे. कॅथलिक घरातला मुलगा किंवा मुलगी, पेटीत खाण्यासाठी राखलेलं चारेक किलो वजन आणि वसतिगृहातले पहिले सहा आठवडे, एवढाच हिशेब धरला आहे. भारतीय किराणा कुठे मिळतो, ताजा मासा कुठे आणि कुठल्या दिवशी स्वस्त, हे कळायला तेवढा वेळ जातोच. पुरुमेंत भरायचं ते या मधल्या काळासाठी, वर्षभरासाठी नव्हे. घरच्यांची पहिली चूक इथेच होते.

दुसरी चूक महिन्याची. मिरची, सोलां (कोकमं), सुकी मासळी हा सगळा मेचा माल. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला (सणाला) पुरुमेंताचं फेस्त म्हणतात ते उगाच नाही. पावसाआधी घर भरून घ्यायची ती वेळ. प्रवेशाचं पत्र उशिरा येतं हे खरं, पण जायचं निदान मेमध्ये ठरलेलं असेल तर कोरडा माल तेव्हाच घेऊन हवाबंद डब्यात ठेवावा. ऑगस्टात तोच माल दमट मिळतो आणि वजनात पाण्याचेही पैसे जातात. हातात घेतलेली मिरची वाकवली की कटकन मोडली पाहिजे. नुसती दुमडली तर ती दोन आठवड्यांत बुरशी धरणार.

बाजाराला गुण द्यायचे तर निवडीसाठी भरपूर, सोयीसाठी कमी. शुक्रवारी सकाळी आठच्या आत पोचावं. दहानंतर छत्र्यांच्या गर्दीत नीट बघून घेणं जमत नाही. चवथीच्या आधीच्या शुक्रवारी तर जाऊच नये. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या आराशीच्या, सामानाने रस्ते भरलेले असतात, गाडी लावायला जागा नसते आणि भाव चढलेले असतात. विक्रेत्या बायका माल हाताळू देतात, वास घेऊ देतात, हा या बाजाराचा मोठा फायदा. तोटा असा की मोकळ्या मालावर लेबल नसतं, आणि परदेशी विमानतळावर लेबल नसलेली बरणी म्हणजे वाद.

आता चोरीस, म्हणजे गोव्याचं पोर्कचं सॉसेज. म्हापशाला आलं की माळांवर नजर जाणारच, आणि माळा चांगल्याच असतात: बोटभर जाड, दाबल्यावर घट्ट, व्हिनेगरचा वास पुढे आणि मांसाचा मागे. पण त्या पेटीत टाकायच्या नाहीत. युरोपीय संघात भारतातून मांस किंवा मांसाचा कुठलाही पदार्थ प्रवाशाला नेता येत नाही; प्रमाण कितीही असो, हवाबंद असो वा नसो. ब्रिटनचा नियमही तोच. दुधाच्या पदार्थांनाही हेच लागू, त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच राहतात. सापडलं तर माल जातो, न सांगता नेल्याबद्दल दंडही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना भरायच्या प्रवासी घोषणापत्रावर लिहावी. तिथे वस्तू नेण्यापेक्षा ती लपवणं जास्त महाग पडतं.

तिथल्या सुपरमार्केटात मिळणारा स्पॅनिश चोरिझो घेऊन समाधान होत नाही. त्यात धुरवलेली गोड मिरची आणि लसूण असते, आंबटपणा नसतो, आणि आपल्या चोरिसाची चव उभी असते ती आंबटावर. त्यापेक्षा घरीच जुळवलेलं बरं. पोर्कचा खांद्याचा भाग ५०० ग्रॅम, थोडी चरबी ठेवून, एक सेंटिमीटरचे तुकडे. मीठ १० ग्रॅम, भिजवलेला रेशाद मसाला (लाल मिरचीचा, व्हिनेगरमधला) ६० ग्रॅम, व्हिनेगर ३० मिली. झाकून फ्रीजमध्ये २४ तास. मग मंद आचेवर स्वतःच्याच चरबीत परतून कांदा-बटाट्याबरोबर शिजवायचं. दोन दिवसांच्या आत शिजवावं. आपल्याकडे माळ टिकते ती जास्त मीठ, ऊन आणि धुरामुळे, यात त्यातलं काहीच नाही.

हे जमायला मसाला हवा, म्हणून सगळ्यात जास्त विचार मसाल्याचा. बाजारात रेशादचा ओला गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतो. दिसायला सोयीचा, पेटीसाठी नापास. नियम असा की हा मसाला व्हिनेगरमध्येच वाटायचा, पाण्याचा थेंब नको. विकायच्या मालात पाणी पडलेलं असतं का, हे पिशवी पाहून समजतं. पिशवी फुगलेली असेल किंवा कडेला बुडबुडे दिसत असतील तर आत आंबणं सुरू झालं आहे. अशी पिशवी प्रवासात गळते आणि तांबडा डाग सगळ्या कपड्यांवर जातो. घरी नीट वाटलेला मसाला फ्रीजमध्ये महिनोन्महिने राहतो, पण वसतिगृहाचा फ्रीज चारपाच जणांचा, आणि त्यात आपला कप्पा वीतभर.

आमचं मत: मसाला कोरडा न्या. काश्मिरी मिरची आणि काणकोणच्या खोल्याची मिरची मिळून १०० ग्रॅम, जिरं एक मोठा चमचा, मिरी एक लहान चमचा, हळद अर्धा चमचा, लवंगा सहा, दालचिनीचा बोटभर तुकडा. मिरची ऑगस्टातली असेल तर आधी मंद तव्यावर कोरडी करून घ्या. भाजायचं ते सगळं इथेच भाजा आणि बारीक दळा. तिकडच्या खोलीत मिरची तव्यावर टाकली की धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते. काही ठिकाणी त्याचा भुर्दंडही पडतो. वापरताना दोन मोठे चमचे पूड, एक मोठा चमचा सफरचंदाचं व्हिनेगर, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, अर्धा चमचा चिंचेचा कोळ, अर्धा चमचा साखर, चवीला मीठ. अर्धा तास ठेवलं की मिरची फुगते आणि मसाला जुळून येतो. तीन-चार बांगड्यांना एवढा पुरतो. तिथे बांगडा म्हणून मिळतो तो मोठा आणि तेलकट असतो, त्यामुळे चिंच किंचित वाढवावी. आठवड्यातून दोनदा धरलं तरी, वरचं माप दुप्पट करून घेतलेली २०० ग्रॅम पूड सहा आठवड्यांवर जाते.

माडाचं व्हिनेगर नेऊ नका, असं लिहिताना वाईट वाटतं. सुरेचं, म्हणजे माडीचं, खरं व्हिनेगर थोडं गढूळ असतं, तळाला साका असतो, नाकात झोंबत नाही. तसं म्हापशाला शोधलं तर मिळतं. पण ते जुन्या बाटल्यांत भरून विकतात, बुचं सैल असतात आणि द्रव म्हणून १०० मिलीच्या वर हातातल्या बॅगेत चालत नाही. सफरचंदाचं व्हिनेगर नव्वद टक्के काम भागवतं. उरलेले दहा टक्के नाताळात घरी आल्यावर.

मासळीची बाजू मात्र चांगली आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मासळी प्रत्येकी २० किलोपर्यंत नेता येते, म्हणजे सुकी सुंगटं (कोळंबी), सुंगटांचं बाल्शांव आणि बांगड्याचं पारें ही मासळीची लोणची, हे सगळं चालतं. अट एकच: बाल्शांव आणि पारें कारखान्यात सील केलेलं, बाहेर इंग्रजीत मासळीचं नाव छापलेलं घ्यावं. पोर्कचंही बाल्शांव असतं, आणि अधिकाऱ्याला तांबड्या बरणीत काय आहे ते सांगून पटत नाही. सुक्या सुंगटांत डोकी-शेपट्या काढून, मंद भाजून, गार करून भरलेली १५० ग्रॅम पुरेत. न भाजता नेली तर वासावरून शेजाऱ्याशी पहिल्याच आठवड्यात बिनसतं. किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) करायला खोबरं तिथलं सुकं किसलेलं चालतं. घरातून सुकं खोबरं नेऊ नये. त्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात ते चालत नाही आणि तपासणीत बाहेर काढतात.

इंग्लंडला जाणाऱ्यांना सुक्या सुंगटांचा आणखी एक उपयोग. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी २०११ पासून वर्षभर शुक्रवारी मांस वर्ज्य ठेवायला सांगितलं आहे, केवळ कोरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) नव्हे. विद्यापीठाच्या खानावळीत शुक्रवारी तळलेला मासा असतोच, पण तो एकाच चवीचा. कांदा, चिंच आणि भाजलेली सुंगटं दहा मिनिटांत तयार होतात.

गोडाचं थोडक्यात. दोदोल पहिला: माडाचा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, दूधदुभत्याचा संबंध नाही, आणि आठवडाभर बाहेर राहिला तरी बिघडत नाही. कागदाला तेल सुटतं म्हणून दोन पिशव्या. बेबिंका छान, पण अंडी आणि तूप दोन्ही असतं. केक-बिस्किटांना सूट असते, तेव्हा विचारलं तर केकच म्हणून सांगावं. हवाबंद पॅकची, छापील तारखेची घ्यावी, कापलेली नव्हे. खाजें, जत्रेतलं असो वा फेस्तातलं, पावसाळ्यात मऊ पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं तर चांगलं टिकतं आणि नव्या मित्रांना द्यायला सगळ्यात सोपं. काजू द्यायचा असेल तर भाजलेला, सीलबंद, आणि गोव्याचा असल्याची खात्री करून. इथे विकला जाणारा सगळा काजू इथलाच नसतो. पुढे करण्याआधी समोरच्याला काजू-बदामाची ॲलर्जी आहे का ते विचारावं. तिकडे हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, जिवाचा असतो.

सोलां १५० ग्रॅम नक्की. चिंच कुठेही मिळते, सोलां नाही. काळसर, चिवट, मिठाचे पांढरे कण असलेली चांगली. पांढरट मऊ थर दिसला तर ती बुरशी. तेफळां (तिरफळं) २५ ग्रॅम, बिया काढून. माशाच्या उडदमेथीला दुसरं काही चालत नाही, आणि वजन नसल्यासारखंच. उकडे तांदूळ एकच किलो, आजारपणातल्या पेजेसाठी: अर्धा तास भिजवून, एकास पाच-सहा पाणी, विजेच्या शेगडीवर पाऊण तास. संपले की केरळी दुकानातला मट्टा तांदूळ घ्यावा. पोय (कोंड्याचा पाव) नेऊ नये. तिसऱ्या दिवशी ती दगड होते, आणि पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा काही पेटीत मावत नाही. बाजारातल्या मेणबत्त्याही नकोत. बहुतेक वसतिगृहांत उघडी ज्योत बंद असते. तेर्साला (रोजरीच्या प्रार्थनेला) विजेरीची छोटी दिवटी पुरते. सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त ३ डिसेंबरला, म्हणजे सत्राच्या धामधुमीत येतं. त्यासाठी खाज्याचा अर्धा डबा आधीच बाजूला ठेवावा, नाहीतर ऑक्टोबरातच संपतो.

भरताना ओलं ते मध्यभागी, कपड्यांच्या घडीत. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणून मग झाकण, वर चिकटपट्टी, आणि दोन झिपच्या पिशव्या. बरणी काठोकाठ भरू नये, विमानात दाब बदलला की तेल बाहेर येतं. काचेऐवजी प्लॅस्टिकची बरणी घेतली तर एकट्या त्यातच दोनतीनशे ग्रॅम वाचतात. सगळं खाणं एकाच पिशवीत ठेवून वर इंग्रजीत यादी लिहावी, म्हणजे उघडून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. आणि गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळी विमानतळाहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत विमानाची मर्यादा सहसा १५ किलोच असते, पुढच्या विमानाला २३ किलो चालत असले तरी. चार किलो पुरुमेंताचे पैसे त्याच काउंटरवर मोजावे लागतात, तेव्हा घरीच काट्यावर चढवून बघा.