ब्राइस यंग की सी. जे. स्ट्राउड : तीन हंगामांनंतर कोणावर भरवसा ठेवावा?

अमेरिकन फुटबॉलच्या २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाच्या संघापासून सुरू होणाऱ्या नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कॅरोलायना पँथर्सने पहिल्या क्रमांकावर ब्राइस यंगला आणि ह्यूस्टन टेक्सन्सने दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउडला निवडले. दोघेही दक्षिण कॅलिफोर्नियात वाढलेले, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारे आणि दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणारे खेळाडू. त्या दिवसापासून या दोघांपैकी कोण टिकेल आणि कोण वाया जाईल, यावर चाहत्यांमध्ये सुरू झालेला वाद तीन हंगाम उलटले तरी मिटलेला नाही, उलट त्यातील बाजू मात्र एकदा नव्हे तर दोनदा पालटल्या आहेत. नोकरीनिमित्त पँथर्सच्या शार्लटमध्ये किंवा ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेल्या, रविवारच्या सामन्यांची नुकतीच गोडी लागलेल्या आणि आता कोणाचे नाव पाठीवर मिरवायचे हे ठरवू पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या प्रेक्षकाची एक सवय येथे आधीच बाजूला ठेवावी लागते. फलंदाजाची सरासरी ही बऱ्याच अंशी त्याची स्वतःची कमाई असते. क्वार्टरबॅकच्या आकड्यांचे तसे नाही. त्याला चेंडू फेकण्यासाठी दोन-तीन सेकंद मिळतात ते समोरच्या पाच धिप्पाड लाइनमननी प्रतिस्पर्ध्याला अडवून धरले म्हणून. चेंडू झेलणारा रिसीव्हर मोकळा सापडतो तो प्रशिक्षकाने आखलेली चाल नेमकी बसली म्हणून. यांपैकी एक दुवा निखळला की सॅक होतो, म्हणजे चेंडू हातातून सुटण्याआधीच क्वार्टरबॅक जमिनीवर आडवा होतो, आणि त्याची नोंद मात्र त्याच्याच खात्यात पडते. यंग आणि स्ट्राउड यांची तुलना करताना ही गोष्ट विसरली तर निष्कर्ष हमखास चुकतो, आणि २०२३ च्या अखेरीस तो बहुतेकांचा चुकलाही.

त्या हंगामाचे आकडे एकतर्फी होते. स्ट्राउडने फेकींतून ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन (गोलरेषेपार पोहोचलेला चेंडू) आणि केवळ ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेली फेक) अशी नोंद केली, तर यंगच्या नावावर २,८७७ यार्ड, ११ टचडाउन, १० इंटरसेप्शन आणि ६२ सॅक जमा झाले. आधीच्या वर्षी तीनच सामने जिंकलेल्या टेक्सन्सने दहा सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडचा ४५-१४ असा धुव्वा उडवला. प्लेऑफचा सामना जिंकणारा सर्वांत तरुण क्वार्टरबॅक हा मान त्या दिवशी स्ट्राउडला मिळाला. यंगने सुरुवात केलेल्या सोळा सामन्यांपैकी पँथर्सने दोनच जिंकले. त्यातील पहिला विजय नेमका स्ट्राउडच्या टेक्सन्सविरुद्धचा, १५-१३ असा होता, ही गंमत त्या वेळी फारशी कोणी लक्षात घेतली नाही.

शार्लटमधील चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता, कारण यंगसाठी मोजलेली किंमत भयंकर होती. पहिला क्रमांक शिकागो बेअर्सकडून मिळवण्यासाठी पँथर्सने २०२३ च्या ड्राफ्टमधील नववा आणि एकसष्टावा क्रमांक, २०२४ ची पहिल्या फेरीतील निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीतील निवड आणि वर डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर देऊन टाकला. संघ रसातळाला गेल्यामुळे २०२४ ची ती निवड पुन्हा पहिल्या क्रमांकाचीच ठरली आणि शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्सला घेतले. म्हणजे ज्या मुलाकडून चमत्काराची अपेक्षा होती, त्याला मिळवताना त्याचे हक्काचे लक्ष्यच विकून टाकले गेले, आणि पहिल्या वर्षी त्याला सर्वाधिक आधार दिला तो तेहतिशीतल्या अ‍ॅडम थीलनने. लाइनमनच्या फळीतील गार्डच्या जागांवर दुखापतींमुळे माणसे सतत बदलत होती. मुख्य प्रशिक्षक फ्रँक रीच यांना अकरा सामन्यांनंतरच घरी पाठवण्यात आले. आणखी एक योगायोग येथे नोंदवायला हवा. २०२२ चा अखेरचा सामना टेक्सन्सने कोल्ट्सविरुद्ध शेवटच्या क्षणी एका गुणाने जिंकला नसता, तर पहिला क्रमांक शिकागोऐवजी त्यांच्याच हाती राहिला असता आणि कदाचित यंग ह्यूस्टनला गेला असता. त्या परिस्थितीत दोघांच्या पहिल्या वर्षाचे आकडे असेच राहिले असते, असे छातीठोकपणे म्हणणारा चाहता मला अद्याप भेटलेला नाही.

ड्राफ्टपूर्वीच्या शंकाही आता तपासून पाहता येतात. यंगची उंची ५ फूट १० इंच भरली होती आणि या खेळात ती क्वार्टरबॅकसाठी फारच कमी समजली जाते, कारण पुढच्या सव्वासहा-साडेसहा फुटी माणसांच्या भिंतीपलीकडचे मैदान दिसणेच अवघड होते. स्ट्राउड ६ फूट ३ इंच, देखणी फेक, अचूक टप्पा. त्याच्याविषयीची शंका वेगळीच होती. क्वार्टरबॅकच्या आकलनशक्तीची म्हणून जी एक संगणकीय चाचणी घेतली जाते, तिच्यात त्याला फार कमी गुण पडल्याची बातमी फुटली आणि यंगला भरपूर गुण मिळाल्याचे सांगितले गेले. पहिल्या सहा महिन्यांतच त्या चाचणीचे हसे झाले. उंचीची शंका मात्र इतक्या सहजपणे निकालात काढता येत नाही. यंगने मैदानाच्या मधोमध, वीस यार्डांपलीकडे फेकलेले चेंडू आजही मोजकेच आढळतात, आणि जागा करून घेण्यासाठी तो मागे किंवा बाजूला सरकतो तेव्हा कधीकधी स्वतःच सॅक ओढवून घेतो. बुद्धी आणि संयम यांवर तो उंचीची भरपाई करतो हे खरे असले, तरी भरपाई म्हणजे उंची नव्हे.

दुसऱ्या वर्षी चित्र पालटू लागले. २०२४ ची सुरुवात यंगसाठी पहिल्या वर्षाहूनही वाईट झाली. न्यू ऑर्लिन्सकडून ४७-१०, चार्जर्सकडून २६-३ असे दोन पराभव झाले आणि नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस यांनी त्याला बाकावर बसवून अनुभवी अँडी डाल्टनला संधी दिली. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला अठरा सामन्यांत बाजूला काढणे म्हणजे त्याच्या कारकिर्दीवर जवळजवळ पाणी सोडणे होय, आणि चाहत्यांनी तसे मानलेही. त्यानंतर डाल्टनला मोटार अपघातात अंगठ्याची दुखापत झाली, यंग ऑक्टोबरच्या अखेरीस परतला आणि परतलेला यंग निराळा होता. पाय स्थिर, चेंडू लवकर सुटणारा, फेकीत धीटपणा. कॅन्सस सिटी, टँपा बे आणि फिलाडेल्फिया या तिन्ही तगड्या संघांविरुद्ध लागोपाठ अगदी थोडक्यात झालेले पराभव आणि अखेरच्या सामन्यात अटलांटावर अतिरिक्त वेळेत ४४-३८ असा मिळवलेला विजय, ज्यात त्याने तीन टचडाउन फेकून आणि दोन स्वतः धावून केले, हे सारे पाहिल्यावर त्याच्या टीकाकारांनाही सूर उतरवावा लागला. मधल्या काळात संघाने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन दमदार गार्ड पैसे मोजून आणले होते, ही बाब विसरू नये.

त्याच वर्षी स्ट्राउडचा आलेख खाली आला. यार्ड ३,७२७ वर घसरले, इंटरसेप्शन ५ वरून १२ वर गेले आणि सॅक ५२ झाले. त्याला राखणारी लाइनमनची फळी मोडकळीस आली होती, रिसीव्हरांपैकी स्टेफॉन डिग्जचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला, टँक डेलचा डिसेंबरमध्ये. हंगाम संपताच आक्रमणाचे सूत्रधार बॉबी स्लोविक यांना काढण्यात आले. मला येथे ह्यूस्टनच्या काही चाहत्यांची गंमत वाटते. जी कारणे त्यांनी २०२३ मध्ये यंगच्या बाबतीत सबबी म्हणून उडवून लावली होती, तीच वर्षभरात त्यांनी स्ट्राउडसाठी अगदी गंभीरपणे मांडली. कारणे दोन्ही वेळा खरीच होती.

तिसरा हंगाम, म्हणजे २०२५, हा ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सर्वांत बोलका आहे, कारण या वेळी दोघांचेही संघ प्लेऑफमध्ये पोहोचले. पँथर्सने ८ विजय आणि ९ पराभव अशा ओबडधोबड नोंदीवर २०१५ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला. नोव्हेंबरमध्ये अटलांटाविरुद्ध यंगने ४४८ यार्ड फेकून माजी क्वार्टरबॅक कॅम न्यूटनचा एका सामन्यातील संघाचा विक्रम मोडला, ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर हरवले, रॅम्सना शार्लटमध्ये ३१-२८ असे नमवले. प्लेऑफमध्ये त्याच रॅम्सविरुद्ध अडीच-तीन मिनिटे उरली असताना त्याने संघाला आघाडी मिळवून दिली होती. रॅम्सचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डने शेवटच्या मिनिटात ती हिरावून घेतली आणि सामना ३४-३१ असा गेला. नवा रिसीव्हर टेटाइरोआ मॅकमिलन याने पहिल्याच हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, हेही यंगच्या सुधारणेचे एक कारण आहे. तरीही त्याच हंगामात यंग दोनशे यार्डही गाठू शकला नाही असे सामने थोडेथोडके नव्हते. ज्याला दर आठवड्याला सारखी कामगिरी हवी आहे, त्याने ही उणीव गृहीत धरूनच पुढे जावे.

स्ट्राउडच्या बाजूला आकडा मोठा आहे : १२ विजय, ५ पराभव. पण त्यातील तीन विजय तो डोक्याच्या दुखापतीमुळे बाहेर असताना राखीव क्वार्टरबॅक डेव्हिस मिल्सने मिळवून दिले, आणि संघाचा खरा कणा होता तो लीगमधील सर्वांत भक्कम बचावांपैकी एक असलेला त्यांचा बचाव. पिट्सबर्गविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात स्ट्राउडच्या हातून चेंडू पुन्हापुन्हा निसटला आणि तरीही टेक्सन्स ३०-६ असे जिंकले. बचाव किती भारी होता हे यावरून कळावे. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडमध्ये त्याने सामन्याच्या पूर्वार्धातच चार इंटरसेप्शन दिले आणि सामना २८-१६ असा हातचा गेला. त्याचा प्रमुख रिसीव्हर निको कॉलिन्स त्या दिवशी खेळत नव्हता, हवामान वाईट होते, हे मान्य. पण चारपैकी सगळेच चेंडू पावसाने फेकले नव्हते. दडपण आले की मागे सरकत, पाय न रोवता चेंडू हवेत सोडून देण्याची जी खोड २०२४ मध्ये त्याला लागली, ती त्या दिवशी सर्वांसमोर उघडी पडली. लागोपाठ तिसऱ्या वर्षी टेक्सन्सने प्लेऑफची पहिली फेरी जिंकली आणि दुसरी गमावली.

मग पारडे कोणाकडे झुकते? यंगच्या समर्थकांचा सर्वांत जोरकस मुद्दा त्यांच्याच शहराच्या अलीकडच्या इतिहासात आहे. २०२२ मध्ये पँथर्सकडे बेकर मेफील्ड आणि सॅम डार्नल्ड हे दोघेही होते. २०१८ च्या ड्राफ्टमधील अनुक्रमे पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे हे क्वार्टरबॅक तोवर सर्वांनी मोडीत काढले होते. मेफील्डने पुढे टँपा बेमध्ये जम बसवला आणि डार्नल्डने फेब्रुवारी २०२६ मध्ये सिअ‍ॅटलला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. कॅरोलायनाने दोघांनाही हातचे सोडले होते. या घटनेचा अर्थ प्रत्येक अपयशी तरुण शेवटी यशस्वी होतो असा मुळीच नाही, कारण त्याच २०१८ च्या पहिल्या फेरीतील जॉश रोझन कुठेच टिकला नाही. अर्थ एवढाच, की दोन वाईट वर्षे आणि वाईट प्रशिक्षण यांवरून माणूस वाया गेला असे ठरवणाऱ्या संघाला आणि चाहत्याला पुढे पस्तावण्याची वेळ येऊ शकते.

तरीही माझे स्वतःचे मत आजही स्ट्राउडकडे झुकते, २०२३ मध्ये झुकत होते त्यापेक्षा पुष्कळ कमी. टँपा बेविरुद्ध ४७० यार्ड आणि पाच टचडाउन फेकून शेवटच्या काही सेकंदांत सामना खेचून आणणारा तो नवखा मुलगा खरा होता. तशी फेक शिकवून येत नाही, आणि जी खोड त्याला लागली आहे ती चांगली फळी व चांगला प्रशिक्षक मिळाल्यास सुटण्यासारखी आहे. यंगची उणीव हाडांची आहे, तिच्याभोवती वळसा घालून खेळता येते इतकेच. मात्र ज्याला संघाच्या पैशाच्या दृष्टीने विचार करायचा आहे, त्याचे उत्तर वेगळे येऊ शकते. पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि तिसरा हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, पाचवे वर्ष वाढवण्याचा अधिकार संघाला असतो. यंगसाठी तेवढे एक वर्ष घेणे हा शहाणपणाचा सौदा ठरेल. त्याच्यावर आजच दीर्घ मुदतीचा अवाढव्य करार उधळणे मात्र नाही. स्ट्राउडच्या बाबतीत ह्यूस्टनची अडचण उलटी आहे, कारण थांबावे तर पुढच्या चांगल्या हंगामानंतर किंमत वाढेल आणि आत्ताच द्यावे तर न्यू इंग्लंडमधला तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

ज्यांना एवढ्यावर निर्णय करवत नाही त्यांनी पुढच्या हंगामातील पहिले पाच-सहा सामने धावफलक झाकून पाहावेत. यंगच्या बाबतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी) तो मैदानाच्या मधोमध किती वेळा चेंडू टाकतो ते मोजावे, आणि स्ट्राउडच्या बाबतीत अंगावर माणूस येत असताना चेंडूकडे नव्हे तर त्याच्या पायांकडे लक्ष ठेवावे.