वर फेकणारा मनोरा बरा की खाली सोडणारा?

लास वेगासच्या स्ट्रॅट मनोऱ्याच्या माथ्यावर १९९६ पासून ‘बिग शॉट’ ही वर फेकणारी राइड आहे. दाबलेली हवा तुम्हाला ताशी ७२ किलोमीटर वेगाने १६० फूट वर फेकते. पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि वर टोकाला पोहोचताच अंग आसनावरून अलगद सुटतं. तो क्षण, खरं सांगते, पिसासारखा हलका असतो!

ड्रॉप टॉवरचं, म्हणजे खाली सोडणाऱ्या मनोऱ्याचं, उलटं. सावकाश वर नेतात, थांबवतात. ते थांबणंच जीव खातं. तळहात घामाने चिकट होतात. मग गुरुत्वाकर्षण, आणि बऱ्याच मनोऱ्यांत शेवटी चुंबकी ब्रेक, ज्यांना विजेची गरज नसते.

पहिल्यांदाच बसणार असाल तर वर फेकणाराच निवडा. घाबरायला वेळच मिळत नाही. डोकं मात्र मागे घट्ट टेकवा.