दुसऱ्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी: टॉप-अप, एलएपी की ओव्हरड्राफ्ट?

आत्तेभावाने वाकडला ८० लाखांचा फ्लॅट बघितलाय, भाड्याने द्यायला, आणि डाऊन पेमेंट राहत्या घरावर लोन काढून भरायचं म्हणतोय. त्याच्यासाठी केलेला हिशोब इथे टाकतो.

बँक ८० टक्के म्हणजे ६४ लाख देईल, उरले १६, वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर ६) आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, म्हणजे २२ लाख धरा. अंडर कन्स्ट्रक्शन असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा.

टॉप-अप, म्हणजे चालू होमलोनवरच वाढीव कर्ज, सगळ्यात सोपा, कारण घराचे कागद आधीच बँकेकडे असतात आणि रेट होमलोनपेक्षा थोडाच वर. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांना २२ लाखांचा ईएमआय २१,७०० च्या आसपास. एलएपीला (लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी, म्हणजे घर तारण ठेवून वेगळं कर्ज) १० टक्के धरले तर २३,६००, शिवाय व्हॅल्युएशन, लीगल, प्रोसेसिंग फी परत नव्याने. पण जुनं लोन फिटलेलं असेल तर टॉप-अप कशावर देणार, मग एलएपीच. ओव्हरड्राफ्टचा (बँक घरावर एक मर्यादा ठरवून देते, त्यातून लागतील तसे पैसे उचलायचे) फायदा बिल्डरला बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्यायचे असतील तेव्हा, जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज. रिसेलला सगळे एकदम द्यायचे असतात, तिथे फारसा उपयोग नाही, आणि हात सैल असेल तर नकोच.

माझं मत टॉप-अप, पण खरी गोची पुढे आहे. ६४ लाखांचा ईएमआय २० वर्षांना ५५,५०० आणि टॉप-अपचे २१,७००, म्हणजे महिन्याला ७७ हजार जाणार, आणि भाडं किती, तर ३ टक्के यील्ड (फ्लॅटच्या किमतीवर वर्षाचं भाडं) धरलं तर महिन्याला २० हजार, त्यातून सोसायटी मेंटेनन्स कापा. वरचे ५७ हजार पगारातून, ते पण आधीचा होमलोनचा हप्ता चालू असताना! इन्कम टॅक्सच्या न्यू रिजीममध्ये असाल तर भाड्यापेक्षा जास्तीचं व्याज पगाराच्या इन्कममधून वजा होत नाही. हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए (थकीत), मग सरफेसीची (बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, आणि ती राहत्या घरावरही येऊ शकते.

मी त्याला म्हटलं, २२ पैकी निदान १२ स्वतःचे जमव, तोवर थांब. तो म्हणतो रेट वाढतील. असो. एक मात्र करा, टॉप-अपचे पैसे दुसऱ्या फ्लॅटला वापरलेले चालतील का ते बँकेकडून लेखी घ्या, ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने टॉप-अपच्या वापरावर लक्ष ठेवा म्हणून बँकांना टोकलं होतं.