मुलासाठी गेलो आणि निघालं मुलीचं : म्हापशातल्या क्लिनिकचा अनुभव

गोव्यात डिचोलीहून म्हापशाला चार खेपा झाल्यात, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मुलांच्या वाढीचं नि वागणुकीचं क्लिनिक आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण एक तक्रार पण आहे.

गेलो होतो धाकट्यासाठी. आठ वर्षांचा, घरात बूड टेकत नाही, गणेश चवथीला तर खुर्चीवर चढून माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीची, फळंच ओढली, सासूबाईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) ठरवून पण टाकलं होतं. डॉक्टर मॅडमनी मात्र शिक्का मारायची घाई केली नाही. रक्त तपासून नाहीतर स्कॅन काढून हे कळत नाही म्हणाल्या, आधी कान-डोळे बघून घ्या, आणि वँडरबिल्टचे, म्हणजे एडीएचडीची लक्षणं विचारणारे, फॉर्म दिले, पालकांचा ५५ प्रश्नांचा, टीचरचा वेगळा. टीचरच्या फॉर्ममध्ये सगळं ठीक! शाळेत म्हणे पोरगा शांत असतो. घर आणि शाळा दोन्हीकडे, किमान सहा महिने त्रास दिसायला हवा, नुसता घरातला धिंगाणा म्हणजे एडीएचडी नव्हे.

पण आमचा फॉर्म भरताना वस्तू हरवतं, सुरू केलेलं पुरं करत नाही, समोर बोललं तरी ऐकत नाही, अशा ओळी आल्या की माझ्या डोळ्यांसमोर मोठीच यायची. तेरा वर्षांची, कुणाला त्रास नाही, म्हणून कुणी बघितलंच नाही. मॅडमना सहज बोलले तर त्यांनी तिची तिसरी-चौथीची प्रगतीपुस्तकं मागवली, कारण लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. दोन्हीत तोच शेरा, हुशार आहे पण लक्ष नसते. तेव्हा त्यावरून तिला आम्ही काय ओरडलोय. तिचा एडीएचडीतला फक्त लक्ष न लागण्याचा प्रकार निघाला, उड्याबिड्या नाहीत, मुलींचा बऱ्याचदा असाच सुटून जातो.

तिला मिथाइलफेनिडेट, एडीएचडीवरचं औषध, सुरू केलंय. भूक कमी होते म्हणून आधी नाश्ता मग गोळी, दर भेटीला वजन. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि सगळीकडे मिळत पण नाही.

आता तक्रार. अपॉइंटमेंट साडेदहाची, आत घेतलं सव्वाबाराला. बसवत नाही म्हणून जी पोरं आणलीत त्यांनाच पावणेदोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत, वर टीव्ही फुल आवाजात, आणि रिसेप्शनवरून सारखं "बाबू, ओगी राव रे" (गप्प राहा रे)! मॅडमना पाचपैकी पाच, वेटिंगला एक पण जास्तच. जुनी प्रगतीपुस्तकं पहिल्याच भेटीला न्या, आमची एक खेप त्यातच गेली.