ट्रेक की ट्रेल राइड? क्लबात नाव देण्याआधी

नवीन माणूस क्लबात आला की पहिल्या आठवड्यात विचारतोच, रविवारच्या ट्रेकला यायचं की बाइकच्या ट्रेल राइडला? मी दोन्ही केलंय, अजूनही करतो. बूट कसे हवेत, गाडी किती सीसीची हवी, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहितो. आणि लिहितो ते फक्त आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारपुरतं. आपल्याकडे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचं सपाट खोरं. डोंगर गाठायचा तर बहुतेक वेळा आधी कुणाचं तरी शिवार ओलांडावं लागतं. निवड करताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

आधी राइडची बाजू, कारण ती भक्कम आहे. तोरणमाळचं पठार साधारण 1,150 मीटर उंचीवर आहे. शहाद्याहून घाट चढून वर गेलात की यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट हे सगळे बघतातच. खरी मजा त्यापलीकडे, पाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटांवर आहे. जानेवारीच्या सकाळी गार हवेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पायऱ्यांसारख्या खडकांवरून गाडी हळूहळू उतरवताना अंगात जी एकाग्रता येते ती मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. एवढा पल्ला पायी एका दिवसात होणारही नाही. राइडमधली शिस्तही मला आवडते. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा नजरेला पडल्याशिवाय पुढे निघायचं नाही. धुळीचा त्रास असतो, पण अंतर राखलं की चालून जातं. गुडघे कुरकुरत असतील तर राइडचा विचार जरूर करा, मात्र उभं राहून गाडी चालवताना तेच गुडघे कामाला लागतात हेही लक्षात असू द्या.

माझ्यापुरता निकाल लावला तो काळ्या मातीने.

कपाशीची ही माती बेसाल्टच्या झिजेतून आलेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाच्या एका सरीत तीच जमीन चिकट गारा होते. रस्ता सोडून शेतरस्त्याला लागलं की शंभर पावलांत पुढचं चाक जड वाटू लागतं. टायरच्या खाचा भरतात, मग टायर आणि मडगार्डमधली जागा भरते. त्यात गवत आणि पऱ्हाटीच्या काड्या अडकल्या की असा काही गिलावा तयार होतो की चाक जागेवरच थांबतं. इंजिन चालू, क्लच जळाल्याचा वास, आणि गाडी इंचभरही हलत नाही. मग आडवी करून काडीने, स्क्रूड्रायव्हरने, शेजारच्या शेतातून मागून आणलेल्या खुरप्याने ती माती कोरत बसायचं. कोरून वीस पावलं गेलं की पुन्हा तेच. मडगार्ड उंच असलेल्या गाड्यांचं पुढचं चाक जरा जास्त तग धरतं, पण मागे चेन आणि स्विंगआर्मजवळ (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळ) माती साचतेच. टायरची हवा कमी केली तरी फार फरक पडत नाही, ती युक्ती वाळूत चालते. चोपड्याकडे असेच अडकलो असताना बांधावरून एक बाबा म्हणाले, "पानीना दिनमा गाडी कसाले लई उनात रे भो?" (पावसाच्या दिवसांत गाडी कशाला घेऊन आलात रे भाऊ?) आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण म्हणजे आपला डोंगर बघण्यासारखा असतो तो याच दिवसांत. मे महिन्यात जळगाव-भुसावळ 45 अंशांच्या घरात असतं, तेव्हा तापलेलं इंजिन मांड्यांमध्ये घेऊन कुठे जाणार? खानदेश हिरवा होतो आषाढापासून. लळिंगचा धबधबा, मनुदेवीचा धबधबा, पाटणादेवीच्या वरचं धवलतीर्थ, सगळं त्या तीन-चार महिन्यांतलं. नेमकी त्याच महिन्यांत ट्रेल राइड शिवारात रुतते. पायी जाणाऱ्यालाही तीच माती लागते, बूट किलोभर जड होतात, पण दगडावर आपटले की पुढे चालता येतं.

पाटणादेवीचा ट्रेक मी मुद्दाम सुचवतो. पाटणादेवी ज्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येते, ते 1986 साली जाहीर झालं. वन विभागाची परवानगी घेऊन तिथे पायी फिरता येतं, आडवाटेला बाइक घालता येत नाही आणि घालूही नये. मंदिर, नागार्जुन कोठी, सीता न्हाणी, शृंगार चावडी आणि वर पितळखोऱ्याची लेणी, एवढं सगळं एकाच दरीच्या आसपास आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख इथलाच. जाणत्या माणसाकडून चालता चालता ही हकिकत ऐकणं मला फार मोलाचं वाटतं. हेल्मेटमध्ये फक्त इंजिन ऐकू येतं आणि थांब्यावर गप्पा निघतात त्या गाड्यांच्याच.

साक्री तालुक्यातल्या भामेरलाही तसंच. गाव किल्ल्याच्या पायथ्याला लागून आहे. वाट विचारायला थांबलं की माणसं चहाला बसवून घेतात, दोन पोरं गुहा दाखवायला स्वतःहून पुढे होतात. दहा गाड्यांचा ताफा शिरला की कोंबड्या पळतात, कुत्री मागे लागतात आणि म्हातारी माणसं दार लोटून घेतात, हे मी पाहिलंय. आपल्या मुलखाला पायी डोंगर चढायची सवय जुनी आहे. 1,325 मीटर उंचीच्या अस्तंब्यावर धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या यात्रेला तळोद्याकडून हजारो माणसं चढतात, पायथ्याची घरं त्यांना पाणी देतात. ट्रेकरला त्या ओळखीचा थोडा फायदा मिळतो, असं मला वाटतं.

ट्रेकची कटकट म्हणजे वेळ. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीने अख्खा गट चालतो, आणि तसंच चालायला हवं. एक जण उशिरा आला की क्रूझर सगळ्यांसाठी थांबते, उतरताना अंधार होतो, घरी जेवण गार होतं. ज्यांना दुपारी दुकान उघडायचंय किंवा शेतावर जायचंय त्यांना हे परवडत नाही. त्यांनी राइडच करावी, मी आग्रह करणार नाही.

बाकीच्यांनी पोळ्यानंतरच्या पाटणादेवीच्या यादीत नाव द्यावं. बाइक हवीच असेल तर डिसेंबर-जानेवारीतलं तोरणमाळ ठरवा, पाऊस संपून शेतरस्ते कडक झालेले असतात. आणि निघायच्या आधी गॅरेजवाल्याकडून पुढचं मडगार्ड उंच बसवून घ्या, अवकाळीचा काही भरवसा नाही.