धन्याचं अत्तर: वास एक नंबर, टिकतं वीस मिनिटं

मागच्या आठवड्यात सांगलीत गणपती पेठेत किराणा भरायला गेलो होतो, तिथं एका बोळात अत्तराचं बारकं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण पुढं तक्रार पण आहे. मोगरा, केवडा, खस हे नेहमीचं, आणि मधेच एका बाटलीवर पेनानं लिहिलेलं ‘धने’. म्हटलं काका हे काय चटणीत घालायचं का? काका हसले पण नाहीत, सरळ मनगटावर रोलॉन फिरवला आणि म्हणाले, "लगेच हुंगू नका, दहा आकडे मोजा."

खरं सांगतो, धन्याला असा वास असतो हे मला चाळिशीत कळलं. आपल्या डोक्यात धने म्हणजे उन्हाळ्यात चटणी करताना आई कढईत भाजते तो खमंग वास, हा तो नाहीच. भाजताना मूळचं सुगंधी तेल बरंचसं उडून जातं ना. हा कच्च्या धन्याचा, आधी लिंबाच्या सालीसारखा, मग जरा फुलासारखा आणि मागं वाळक्या लाकडाची झाक. घरी येऊन आठ-दहा धने खलबत्त्यात नुसते फोडले, पूड नाही केली, आणि एकदा खलबत्ता एकदा मनगट असं हुंगत बसलो. आई म्हणाली, "काय रं, सर्दी झालीय काय?" पण वास डिट्टो तोच.

मला भीती होती कोथिंबिरीसारखं वासेल म्हणून. तसं होत नाही. पाल्याचा वास येतो अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळं, कच्चं हिरवं धनं चिरडलं की ढेकणासारखं वासतं ते पण त्यामुळंच. धने पिकून वाळले की ते कमी होतं आणि लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य पुढं येतं, धन्याच्या तेलात साधारण ६० ते ७५ टक्के तेच. लॅव्हेंडरमधे पण हेच असतं, म्हणून बायको हुंगून म्हणाली, "साबण वाटतोय." चूक नाही तिची.

आता तक्रार. काका म्हणाले होते सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत बघायला नको. मी सांगलीच्या विश्रामबागेतून लावून निघालो आणि मिरजेत गाडी लावेपर्यंत, वीस मिनिटांत, खल्लास! लिनालूल लवकर उडतंच, परफ्यूमवाले धने मुख्यतः सुरुवातीच्या वासाला घालतात आणि खाली चंदन, पॅचौली असलं जड काहीतरी ठेवतात. फ्रान्समधे १९७३ साली ‘कोरिआंद्र’ नावाचंच परफ्यूम आलं त्यात पण गुलाब, पॅचौली जोडीला आहेतच. मग गिऱ्हाइकाला सरळ सांगा की बाबा हे एकटं टिकत नाही.

दुसरं म्हणजे बाटल्या काचेच्या कपाटात ऐन उन्हात मांडल्यात. लिनालूल हवेनं जुनं होत गेलं की काहींच्या अंगाला खाज उठू शकते, उन्हानं तेल अजून लवकर खराब होतं, एवढं अत्तरवाल्याला सांगायला लागावं का.

१० मिलीला ४५० घेतले. महाग वाटलं, पण आपल्याकडच्या मोठ्या धन्यात बहुतेक अर्धा टक्का पण तेल नसतं, बारीक दाण्याच्या रशियन धन्यात जास्त निघतं तरी ते पण टक्क्याच्या आसपास, मग शुद्ध असेल तर ४५० ला कसं परवडतं हाच उलटा प्रश्न. काकांना विचारलं तर म्हणाले, "बेस आहे त्यात." कसला बेस, म्हणजे तेल कशात मिसळलंय, ते काही सांगितलं नाही.

परवा परत गेलो, भांडायलाच खरं तर. काकांनी न बोलता त्यातच चार थेंब खस टाकून दिला, पैसे घेतले नाहीत. आता सुरुवातीला धने आणि दुपारी जेवणापर्यंत ओल्या मातीसारखा खस, हे मात्र भारी जमलंय. फक्त रोलॉनचा गोळा ढिला आहे, खिशात आडवी ठेवू नका, माझ्या पांढऱ्या शर्टावर रुपयाएवढा डाग पडलाय.