न उघडणाऱ्या स्कॅनसाठी इरफानव्ह्यू: निदानाला पक्का, सेव्ह करताना मात्र जपून

स्कॅन केलेला, फोटोशॉपमध्ये थोडा साफसूफ केलेला फोटो ऐन छपाईच्या वेळी उघडत नाही, आणि पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातला डीटीपीवाला 'फाइल करप्ट आहे, नवीन आणा' म्हणून मोकळा होतो. बऱ्याचदा फाइल धडधाकट असते, फक्त नाव एक आणि पोटात भलतंच असतं. नेमकं काय बिघडलंय ते दोन मिनिटांत कळायला इरफानव्ह्यूइतकं सोयीचं दुसरं काही विंडोजवर नाही. १९९६ पासून चालत आलेला हा छोटासा व्ह्यूअर; घरच्या वापराला फुकट, आयकॉन चिरडलेल्या लाल मांजराचं. दिसायला जुनाट आहे, पण त्यावर जाऊ नका.

आधी इन्स्टॉलेशनचं, कारण अर्धे लोक तिथेच अडकतात. मूळ प्रोग्राम आणि प्लगइन्स (त्याला जोडायचे छोटे पूरक प्रोग्राम) ही दोन वेगळी डाउनलोड आहेत. प्लगइन्सशिवाय बरेच फॉरमॅट उघडत नाहीत, आणि ६४ बिट प्रोग्रामला ३२ बिट प्लगइन्स चालत नाहीत. दोन्ही एकाच जातीची घ्या. फार मोठे स्कॅन हाताळायचे असतील तर ६४ बिटच घ्या.

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हा एक्स्टेन्शनवर (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या जेपीजी, टिफ अशा अक्षरांवर) विश्वास ठेवत नाही, फाइलच्या सुरुवातीचे बाइट वाचतो. कुणीतरी टिफचं नाव नुसतं बदलून जेपीजी केलेलं असतं. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे 'लग्न.टिफ.जेपीजी' अशीही प्रकरणं होतात. एक्स्टेन्शन आणि पोट जुळत नसलेली फाइल उघडली की इरफानव्ह्यू सांगतो की ही अमुक फॉरमॅटची फाइल आहे, एक्स्टेन्शन चुकलंय, बदलू का? 'येस' म्हणा, काम झालं. फोनवर 'स्कॅन' केलेल्या हाइक (आयफोनच्या फोटोंचा फॉरमॅट) फायलींचंही हेच होतं. त्या उघडायला मात्र प्लगइन लागतं, आणि बहुतेकदा विंडोजमध्ये वेगळं टाकायचं 'हाइफ एक्स्टेन्शन' नावाचं ॲड-ऑनही.

तरीही उघडली नाही तर व्ह्यू मेनूतला हेक्स व्ह्यू बघा, त्यात फाइलचे बाइट जसेच्या तसे दिसतात. आकड्यांना घाबरू नका, उजव्या बाजूची अक्षरं वाचायची. टिफच्या सुरुवातीला इंग्रजी 'आय' दोनदा किंवा 'एम' दोनदा दिसतो, स्कॅनरच्या जेपीजीत बहुतेक वेळा 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ', फोटोशॉपच्या पीएसडीत '८बीपीएस', पीडीएफमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ'. यातलं काहीच नाही आणि पानभर नुसती शून्यं असतील, तर विषय संपला. विंडोजनं फाइलला जागा दिली, पण मजकूर लिहून व्हायच्या आत पेनड्राइव्ह उपसला गेला किंवा लाइट गेली (पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार गुरुवार, तो असला तर बघायलाच नको). प्रॉपर्टीजमध्ये आकार नीट दिसतो म्हणून लोक अशा फाइलवर तासन् तास घालवतात. शून्यांतून फोटो कुठलंही सॉफ्टवेअर काढून देत नाही. मूळ कॉपी शोधा, नाहीतर पुन्हा स्कॅन करा.

जेपीजी अर्धवट कॉपी झालेली असेल तर चित्र वरून नीट आणि खाली सपाट करडं दिसतं. बरेच प्रोग्राम ती उघडायलाच नकार देतात. इरफानव्ह्यू आहे तेवढी दाखवतो. वरचा भाग कामाचा असेल तर वेगळ्या नावानं सेव्ह करून कापून घ्या.

एडिटिंगनंतरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक टिफच्या सेव्ह खिडकीत असतं. फोटोशॉप तिथे एलझेडडब्ल्यू, झिप आणि जेपीईजी असे तीन कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करायचे प्रकार, देतं. झिप आणि जेपीईजी जुन्या प्रोग्रामना वाचता येत नाहीत. इरफानव्ह्यूत फाइल उघडून 'आय' दाबा: कॉम्प्रेशन, पिक्सेल, मेमरीत किती जागा लागते, सगळं समोर येतं. छपाईला देताना लेअर (एकावर एक रचलेले थर) सपाट करून, दर रंगाला ८ बिट, एलझेडडब्ल्यू किंवा कॉम्प्रेशनविना टिफ द्या, कुठेही अडत नाही. दर रंगाला १६ बिट असलेल्या फाइलला एलझेडडब्ल्यू लावू नका. पुष्कळदा ती लहान व्हायच्या ऐवजी मोठीच होते.

पीएसडी उघडून पांढरी दिसत असेल तर दोष इरफानव्ह्यूचा नाही. तो लेअर जोडत बसत नाही, फाइलमध्ये ठेवलेलं सपाट चित्र दाखवतो. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' बंद असेल तर ते चित्र फाइलमध्ये नसतंच. चालू करून पुन्हा सेव्ह करा. विंडोजचा जुना फोटो व्ह्यूअर 'मेमरी पुरत नाही' म्हणतो तेव्हा रॅम घ्यायला पुण्याच्या तापकीर गल्लीत धावू नका. बरेचदा कलर प्रोफाइलचा (रंग कसे दाखवायचे ते सांगणाऱ्या, फाइलमधल्या माहितीचा) घोळ असतो आणि तीच फाइल इथे निमूट उघडते.

आकाराचा हिशोब एकदा मांडून ठेवा. ए४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतं, म्हणजे २४ बिट रंगात (तीन रंगांचे प्रत्येकी ८) साधारण १०४ एमबी. ए३ त्याच्या दुप्पट, ४८ बिट (प्रत्येकी १६) केलं की आणखी दुप्पट. ए३ ला १२०० डीपीआय आणि ४८ बिट लावलं तर दीड जीबीच्या वर, त्यात फोटोशॉपमध्ये दोन-तीन लेअर चढले की पीएसडीची २ जीबीची मर्यादा आणि टिफची ४ जीबीची मर्यादा दूर राहत नाही. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हही ४ जीबीच्या फाइलवर हात वर करतो. जुन्या अल्बममधल्या पोस्टकार्ड साइझ फोटोला एवढा डीपीआय लावण्यात तसाही अर्थ नाही.

आता दोष, आणि ते किरकोळ नाहीत. इरफानव्ह्यू आतून मुख्यतः २४ बिटमध्ये काम करतो. ४८ बिट स्कॅन उघडून त्याच नावानं सेव्ह केलात तर रंगांची जादा माहिती गेली, लेअरही गेले. अनेक पानी टिफमध्ये एक पान सुधारून मूळ नावावर सेव्ह केलं तर बाकीची पानं जायचा धोका आहे. आधी ऑप्शन्स मेनूतल्या मल्टिपेज इमेजेसमधून सगळी पानं वेगळी काढून घ्या. सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) जेपीजी उघडते, पण कलर मॅनेजमेंट सुरू नसेल तर रंग भडक दिसतात. त्या रंगांवरून पत्रिकेचं प्रूफ पास करू नका. मूळ स्कॅनचं फोल्डर रीड-ओन्ली करून ठेवायचं आणि 'बी' दाबून बॅच कन्व्हर्जन (अनेक फायली एकदम बदलणं) वेगळ्या फोल्डरमध्ये करायचं, हा सगळ्यात बिनधोक रस्ता. शंभर टिफ एकदम एलझेडडब्ल्यूत बदलायला तो उत्तम चालतो.

डीटीपीच्या दुकानात किंवा ऑफिसात वापरायचा तर पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. 'फुकट आहे' म्हणून दहा मशीनवर टाकणं नियमात बसत नाही. मॅक आणि लिनक्सवर हा नाहीच, तिथे एक्सएनव्ह्यू एमपी बघा. आणि बाहेरून स्कॅन करून घेत असाल तर काउंटर सोडायच्या आधी पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करून पुन्हा लावा आणि इरफानव्ह्यूत 'टी' दाबून थंबनेल बघा. ज्या फाइलचं चित्र येत नाही तिचं पान अजून स्कॅनरजवळच असतं.